संमतीचा पुरावा कोणी द्यावयाचा?

(मुलुंड येथील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संस्कारित मसुदा)



या व्याख्यानाचे निमंत्रण मला मिळाले तेव्हा विषय मीच सुचवला होता : ‘बलात्कार : एका शब्दाचा आणि एका कायद्याचा इतिहास’. आज संध्याकाळी येथे आले तेव्हा बाहेरच्या फलकावर ‘स्त्रियांवरील अत्याचार आणि कायदा’ असे लिहिलेले दिसले. कार्यवाहांना विचारले. ते सज्जन गृहस्थ थोडे ओशाळले आणि म्हणाले, ‘‘बाई, फलक रस्त्यावर आहे, शाळेची मुले जाता-येता वाचतात.’’ त्यांच्यावर माझा राग नाही. उलट त्यांनी माझे पहिले दहा मिनिटांचे काम सोपे केले. जो शब्द दंडसंहितेत आहे, न्यायनिवाड्यात आहे, रोजच्या वर्तमानपत्रात आहे, तो वाचनालयाच्या फलकावर मात्र चालत नाही. तेव्हा तेथूनच आरंभ करू.

आपल्या मराठी वृत्तपत्रांनी या गुन्ह्यासाठी आजवर जे शब्द वापरले ते आठवून पाहा. ‘अत्याचार’ म्हणजे आचाराची मर्यादा ओलांडणे. ‘अतिप्रसंग’ हा तर न्यायशास्त्रातला शब्द. एखादा नियम लागू नसलेल्या ठिकाणी लागू करण्याचा दोष दाखवण्यासाठी तार्किक मंडळी तो वापरीत. तो शब्द आमच्या बातमीदारांनी कोठून उचलला आणि कोणत्या स्थळी आणून ठेवला! तिसरा शब्दप्रयोग ‘अब्रू लुटली’. अब्रू फारसीतून आली, चेहऱ्यावरचे पाणी हा तिचा मूळ अर्थ. ती लुटता येते, म्हणजे ती ठेव आहे. आणि ठेव म्हटली की ती कोणाची हा प्रश्न येतोच. बातमीत ‘तरुणीची अब्रू लुटली’ असे असले तरी मोर्चा निघतो तो ‘आमच्या आयाबहिणींची अब्रू’ या घोषणेचा. मालक कोण, हे ‘आमच्या’ या षष्ठीने सांगून टाकले.

या शब्दांच्या तुलनेत ‘बलात्कार’ हा शब्द प्रामाणिक आहे. बलात् म्हणजे बळाने. गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी गद्यात ‘बलात्काराने’ याचा अर्थ ‘जबरदस्तीने’ एवढाच होता. कोणी बलात्काराने धर्मांतर करवी, कोणी बलात्काराने सही घेई. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आणि पुढे शिक्षिका असल्याने मला या शब्दाचा एक जुना अर्थ विशेष विचार करण्यासारखा वाटतो. स्मृतिग्रंथांत धनकोने ऋणकोकडून पैसा कसा वसूल करावा याचे मार्ग सांगितले आहेत. समजुतीने, युक्तीने, उंबऱ्यावर धरणे धरून. आणि यांपैकी एक मार्ग बळाचा. ऋणकोला बांधून आपल्या घरी आणावयाचे, मारझोड करून पैसे द्यावयास लावावयाचे, याला धर्मशास्त्राच्या परिभाषेत ‘बलात्कार’ म्हणत. संस्कृत कोशांतही हा अर्थ सापडेल. म्हणजे एकेकाळी हा शब्द सावकार आणि कूळ यांच्या व्यवहारातला होता. ही केवळ भाषिक गंमत म्हणून मी सांगत नाही. या कूळ-सावकाराकडे मी आज पुन्हा येणार आहे.

आता कायदा. भारतीय दंडसंहिता १८६० साली झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७५ व्या कलमात बलात्काराची व्याख्या होती : स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, किंवा तिच्या संमतीवाचून, किंवा मृत्यूचे वा इजेचे भय घालून मिळवलेल्या संमतीने केलेला संभोग, इत्यादी. ‘इच्छेविरुद्ध’ आणि ‘संमतीवाचून’ ही दोन वेगळी वाक्ये कायदेकर्त्यांनी तेव्हाच लिहिली होती, हे लक्षात ठेवा. कागदावरचा कायदा पुष्कळदा तो चालवणाऱ्यांपेक्षा शहाणा असतो. वयाची अट मात्र लाजिरवाणी होती. दहा वर्षांखालील मुलीची संमती ही संमती नव्हे, एवढेच संरक्षण. आणि पतीला तर दहा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत हा गुन्हा लागूच नव्हता.

त्या वयाच्या आकड्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते आपण शाळेत ‘संमतिवयाचा वाद’ म्हणून दोन ओळीत शिकतो. त्याची पूर्वपीठिका याच मुंबईतली आहे. रखमाबाईंचे अकराव्या वर्षी लग्न झाले. पतीकडे नांदावयास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये पतीने उच्च न्यायालयात दावा लावला; १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की नांदावयास जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये पतीला पैसे मोजून तडजोड झाली आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. लहानपणी दुसऱ्यांनी लावून दिलेल्या लग्नाला मी संमती दिलेली नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. ‘संमती’ या शब्दाला आमच्याकडे कायद्याच्या दरबारात प्रथम कोणी अर्थ दिला असेल तर या बाईंनी.

त्याच सुमारास बेहरामजी मलबारी बालविवाहाविरुद्ध लेखणी चालवत होते, आणि कलकत्त्यात एक घटना घडली. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी पतीच्या संभोगामुळे मरण पावली. मुलीने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने बलात्काराचा आरोप त्या पतीवर ठेवताच येईना. १८९१ च्या मार्चमध्ये संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला. टिळकांनी विरोध केला. परकीय सरकारने आमच्या समाजात कायद्याने हात घालू नये, ही त्यांची भूमिका. आगरकरांनी ‘सुधारका’तून विधेयकाची बाजू घेतली. डॉ. भांडारकरांनी धर्मग्रंथांच्याच आधाराने सुधारणेचे समर्थन केले. या वादाबद्दल मला एकच म्हणावयाचे आहे. त्यात धर्म होता, राष्ट्र होते, वैद्यक होते. ज्या मुलींच्या शरीराबद्दल तो चालला होता त्यांची साक्ष मात्र त्यात जवळजवळ नव्हती. वय पुढे चौदावर, १९४९ मध्ये सोळावर आणि शेवटी अठरावर गेले. दर वेळी पत्नीसाठी वेगळा, कमी आकडा ठेवला गेला. १९४९ नंतर तो पंधरा होता, आणि तो पंधरा आकडा २०१७ सालच्या ऑक्टोबरपर्यंत टिकला. सर्वोच्च न्यायालयाने तो अठरा केला तेव्हा स्वातंत्र्याला सत्तर वर्षे झाली होती.

आता मी देसाईगंजच्या खटल्याकडे येते. या खटल्याला जगभर त्या मुलीच्या नावाने ओळखतात. मी ते नाव घेणार नाही. अशा स्त्रीचे नाव छापणे हा १९८३ पासून गुन्हा आहे, आणि तो तसा झाला तो ज्या आंदोलनामुळे, त्या आंदोलनाचे कारणच ही मुलगी होती. कायद्याच्या ग्रंथांत हा निवाडा आरोपी हवालदाराच्या नावाने नोंदलेला आहे. मी त्याला गावाचे नाव देते.

देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज ते गडचिरोलीत आहे. चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, आईबाप नाहीत, भावाबरोबर राहणारी, मजुरी करणारी. ज्या घरी ती कामाला जाई त्या घरच्या एका नातेवाइकाशी तिचे प्रेम जमले व लग्न करण्याचे ठरले. भावाला ते पसंत नव्हते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सर्वांना ठाण्यात बोलावून जबाब घेण्यात आले. रात्री साडेदहाच्या सुमारास मंडळी निघाली तेव्हा मुलीला मागे थांबवण्यात आले. एका शिपायाने ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार केला. नशेत असलेल्या हवालदाराने तिच्या अंगाशी लगट केली. बाहेर तिची माणसे उभी होती. दिवे मालवले होते आणि दार आतून बंद होते.

सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघांना सोडले. मुलीला संभोगाची सवय होती, सबब तिची संमती असली पाहिजे. संभोग सिद्ध झाला, बलात्कार नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूटपणे शरीर स्वाधीन करणे आणि संमती देणे यांत भेद आहे, असे खंडपीठाने म्हटले, व शिपायाला पाच वर्षांची आणि हवालदाराला एक वर्षाची सजा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचा पुरावा नाही, सबब प्रतिकार झाला ही कथा खोटी.

या खटल्यात एक गोष्ट आहे तिकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. ती मुलगी पोलीस ठाण्यात गेलीच कशासाठी? तिने स्वतःच्या इच्छेने एक जोडीदार निवडला होता म्हणून. ती संमती तिने उघड दिलेली होती. पण भावाच्या लेखी आणि पोलिसांच्या लेखी ती खरी नव्हती, ते ‘पळवून नेणे’ होते. आणि त्याच रात्री, त्याच इमारतीत, जी संमती तिने दिलेली नव्हती ती मात्र देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तिच्या नावावर जमा केली. जेथे तिने होकार दिला तेथे तो कोणी मानला नाही. जेथे दिला नाही तेथे तो गृहीत धरला. आजही आपल्या उपनगरांतल्या कोणत्याही पोलीस ठाण्यात जा. मुलीने परजातीत लग्न ठरवले की बाप प्रथम अपहरणाची आणि मुलगी अठराच्या आतली निघाली तर बलात्काराची तक्रार घेऊन येतो. संमतिवय अठरावर नेण्याला मी विरोध करीत नाही. पण मुलीच्या रक्षणाचे कलम मुलीच्याच निवडीविरुद्ध वापरले जाते, ही गोष्ट आपण पुरोगामी मंडळींनी डोळ्यांआड करू नये.

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा साधा होता : पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातल्या माणसापुढे एका गरीब आदिवासी मुलीच्या गप्प राहण्याला संमती म्हणता येईल काय? १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच स्थापन झाला, पुढे त्याचेच नाव स्त्री अत्याचारविरोधी मंच झाले. त्या वर्षीच्या ८ मार्चला मुंबईसह अनेक शहरांत मोर्चे निघाले. मी तेव्हा एम.ए.ला होते. मी मोर्च्याला गेले नाही. परीक्षा जवळ आली होती हे खरे. पण ‘बलात्कार’ हा शब्द लिहिलेला फलक हातात धरून भर रस्त्यातून चालावयाचे मला धैर्य नव्हते हे अधिक खरे. तेव्हा आजच्या कार्यवाहांना मी हसणार नाही.

त्या परीक्षेसाठी मी जे वाचत होते त्यात दख्खनच्या दंग्यांचे प्रकरण होते. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली आणि गहाणखते व रोखे काढून जाळले. कारण काय? कागदावर कुणब्याचा अंगठा होता. इंग्रजी न्यायालय म्हणे, अंगठा आहे ना, मग संमती आहे, डिक्री घ्या. कुणबी काय म्हणत होता? आंगठा मी दिला, पण तो देताना माझ्यापुढे दुसरी वाट नव्हती. दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांतल्या न्यायाधीशांना त्या कायद्याने सांगितले की रोख्यावर थांबू नका. रोख्याच्या मागे जा, व्यवहाराचा मुळापासून इतिहास तपासा, धनको आणि ऋणको कोणत्या परिस्थितीत समोरासमोर आले ते पाहा. १८७२ च्या करार कायद्यात तर हे तत्त्व आधीच होते. संमती ‘मुक्त’ असली पाहिजे. जबरदस्ती, अनुचित दडपण, कपट यांनी मिळवलेली संमती मुक्त नव्हे. १८९९ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन हेही स्पष्ट झाले की एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवण्याच्या स्थितीत असेल आणि व्यवहार सकृद्दर्शनी अन्यायाचा दिसत असेल, तर दडपण आणले नव्हते हे त्या वरचढ पक्षानेच सिद्ध करावयाचे.

मित्रहो, या दोन तारखा शेजारी ठेवा. १८७९ मध्ये परक्या सरकारच्या विधिमंडळाला कळले की सावकारापुढे बसलेल्या कुणब्याचा अंगठा म्हणजे संमती नव्हे. १९७९ मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी, स्वतंत्र भारतातल्या चार अध्यापकांना पत्र लिहून विचारावे लागले की शिपायापुढे उभ्या असलेल्या मुलीचे मौन म्हणजे संमती काय! शंभर रुपयांच्या रोख्यासाठी जी शहाणीव कायद्यात होती ती मुलीच्या देहासाठी नव्हती. असे का व्हावे? माझे उत्तर कदाचित कोणाला कडू वाटेल. रोखा हा मालमत्तेचा व्यवहार होता, आणि त्याचे दोन्ही पक्ष पुरुष होते. त्यांच्यातली विषमता न्यायाधीशांना दिसू शकत होती. स्त्री-पुरुषांमधली विषमता त्यांना विषमता म्हणून दिसतच नव्हती, ती सृष्टीची रचना वाटत होती. ‘बलात्कार’ हा शब्द सावकारीतून निघून स्त्रीदेहापर्यंत आला. त्याच्या पाठोपाठ सावकारीचा कायदा मात्र आला नाही.

तो आला १९८३ मध्ये, आणि तोही अर्धा. त्या वर्षीच्या दुरुस्तीने पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे कलम घातले. पोलीस, सरकारी नोकर, तुरुंग वा रुग्णालयाचे कर्मचारी अशांच्या ताब्यातील स्त्रीवर बलात्कार झाला, संभोग सिद्ध झाला, आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच गृहीत धरावयाचे. वरचढाने उलट सिद्ध करावे. करार कायद्यातले जुनेच तत्त्व ते. पण ठाण्याच्या आणि रुग्णालयाच्या भिंतीबाहेर जी वर्चस्वे आहेत त्यांचे काय? मळ्याचा मालक, मुकादम, घरमालक, मार्गदर्शक प्राध्यापक? ती यादी पुढे २०१३ मध्ये बरीच वाढली, आज ते कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात १२० व्या क्रमांकावर आहे. आणि १९८३ मध्ये एक जळमट तसेच ठेवले होते. स्त्री ‘सामान्यतः अनैतिक वर्तनाची’ आहे असे दाखवून तिची साक्ष खोटी ठरवण्याची आरोपीला मुभा देणारे पुराव्याच्या कायद्यातले पोटकलम. ते निघाले २००२ च्या दुरुस्तीने. देसाईगंजच्या मुलीला ज्या हत्याराने मारले ते तीस वर्षे भिंतीवर टांगलेलेच होते.

व्याख्येची गोष्ट थोडक्यात सांगते. १९७३ मध्ये मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील एका परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. ती त्यानंतर बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणावर पडून होती, २०१५ मध्ये गेली. हल्लेखोराला सजा झाली ती खुनाचा प्रयत्न आणि चोरी यांसाठी. जे लैंगिक क्रौर्य त्याने केले ते ३७५ व्या कलमाच्या जुन्या व्याख्येत बसणारे नव्हते. १९९७ मध्ये एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला विनंती केली की व्याख्या व्यापक करा. २००४ मध्ये न्यायालयाने सांगितले की ते काम संसदेचे. संसदेला जाग आली दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला, आणि २०१३ च्या कायद्याने व्याख्या विस्तारली. त्याच कायद्यात एक वाक्य आहे, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठ करावयास लावीत असे : स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्याच कारणाने तिची संमती होती असे मानता येणार नाही. देसाईगंजपासून या वाक्यापर्यंत यावयास एकेचाळीस वर्षे लागली.

ओरडण्याबद्दल एक आठवण. ऑगस्ट २००२ मध्ये बोरीवलीकडे येणाऱ्या रात्रीच्या लोकलमध्ये एका मतिमंद मुलीवर इतर प्रवाशांच्या देखत बलात्कार झाला. डब्यात धडधाकट पुरुष होते. तुम्ही-आम्ही त्याच गाड्यांनी येतो-जातो, म्हणून ती घटना मला आठवते. एकट्या मुलीने शिपायापुढे ओरडावयास हवे होते असे म्हणणाऱ्या न्यायशास्त्राला मी त्या डब्यात बसवून विचारू इच्छिते : येथे कोण ओरडले?

कायदा बदलला तरी रुग्णालयाचा कागद बदलावयास वेळ लागतो. दोन बोटांची ती हीन चाचणी, मुलीला ‘सवय’ आहे की नाही हे ठरवण्याची, वैद्यकीय नमुन्यांत कायम होती. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी २०१० मध्ये तिच्याविरुद्ध सविस्तर अहवाल तयार केला आणि तो विषय नागपूर खंडपीठापर्यंत नेला. आपल्या उपनगरांतही काम झाले आहे. ‘सेहत’ या संस्थेने २००८ पासून महापालिकेच्या रुग्णालयांत, त्यात घाटकोपरचे राजावाडी आणि अंधेरीचे ओशिवरा प्रसूतिगृहही होते, पीडितेची तपासणी तिच्या संमतीने आणि उपचाराला अग्रक्रम देऊन कशी करावी याची पद्धत बसवली. तपासणीला संमती! चाळीस वर्षांपूर्वी हा विचार कोणाच्या डोक्यात आला नसता. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही चाचणी स्त्रीच्या हक्कांचा भंग करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावले की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. पुन्हा बजावावे लागले, यावरून काय समजावयाचे ते समजा.

आता दुसरा शब्द, ‘विनयभंग’. दंडसंहितेचे ३५४ वे कलम, आज न्याय संहितेचे ७४ वे. विनय हा खरे तर गुण आहे. विद्येने येतो असे म्हणतात. स्त्रीच्या अंगावर हात टाकला तर तिचा विनय कसा मोडतो, हे मला आजतागायत समजलेले नाही. मोडतो तो त्या माणसाचा. पण शब्दाची चूक न्यायालयांना किती छळते ते पाहा. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे साडेसात महिन्यांच्या बालिकेचे प्रकरण आले. एवढ्या तान्ह्या जीवाला विनय असतो काय, यावर न्यायमूर्तींत मतभेद झाला! बहुमताने ठरले की असतो, स्त्रीला तो जन्मतःच असतो. निकाल योग्य लागला. पण जखमेचा प्रश्न सोडून विनयाचा प्रश्न सोडवावा लागला तो त्या शब्दामुळे. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात म्हटले की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला नव्हे, नुसता विनयभंग; सजा तीन वर्षांवरून एकावर आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रद्द केले.

या शब्दांच्या उतरंडीत सर्वांत खालचा शब्द ‘छेडछाड’. त्यात थट्टेचा सूर आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या अंबोलीत दोन तरुणांनी आपल्याबरोबरच्या मुलींच्या ‘छेडछाडी’ला हरकत घेतली आणि त्यांना भररस्त्यात भोसकून मारण्यात आले. तेथपर्यंत जाणारी गोष्ट ज्या शब्दाने सुरू होते तो शब्द आपण अजून हसत वापरतो.

येथे मला स्वतःबद्दल काही सांगितले पाहिजे, नाहीतर हे भाषण खोटे होईल. विशाखा निवाड्यानंतर, म्हणजे १९९७ नंतर, महाविद्यालयांतून तक्रार समित्या झाल्या. मी जेथे शिकवीत होते तेथील समितीची काही वर्षे मी अध्यक्ष होते. एका वर्षी एक विद्यार्थिनी आली. कार्यालयातल्या एका माणसाने कागदपत्रे देण्याच्या निमित्ताने तिला संध्याकाळी थांबवून घेतले होते. पुढचे मी सांगत नाही. मी तिला पाणी दिले, पाठीवरून हात फिरवला, आणि विचारले, ‘‘तू ओरडली का नाहीस ग?’’ ती माझ्याकडे बघत राहिली. देसाईगंजचा निवाडा मी वर्गात शिकवलेला होता. तरी हा प्रश्न माझ्याच तोंडून आला. तिच्या हातात शुल्क-सवलतीचा अर्ज होता, त्या माणसाच्या हातात शिक्का होता. ऋणको आणि धनको यांचे नाते याहून स्पष्ट काय असावे? तरीही नोंदवहीत मी लिहिले : ‘असभ्य वर्तन’. ‘विनयभंग’ लिहिले असते तर पोलिसांत जावे लागले असते, संस्थेचे नाव झाले असते, आणि मुलीचेही ‘नाव खराब’ झाले असते, असे आम्ही एकमेकींना पटवले. त्या माणसाची दुसऱ्या विभागात बदली झाली. मुलीने पुढच्या वर्षी प्रवेश घेतला नाही. तिला आम्ही काय हवे ते विचारलेच नव्हते.

म्हणून फाशीच्या मागणीचा गजर ऐकला की मी अस्वस्थ होते. २०२१ मध्ये साकीनाक्याला एका स्त्रीवर अमानुष हल्ला झाला, राजावाडीत ती मरण पावली; दिंडोशी न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली. अशा प्रकरणी सर्वांचे एकमत असते, कारण मेलेल्या स्त्रीला कोणी संमतीबद्दल विचारीत नाही. पण गुन्हे-नोंदीचे सरकारी अहवाल दरवर्षी सांगतात की दहांतल्या नवांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, वरिष्ठ, प्रियकर. तेथे सर्व प्रश्न संमतीचाच आहे, आणि तेथे आपला आवाज बसतो.

जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. स्त्रिया व बालकांविरुद्धचे गुन्हे तीत पुढे आणून ठेवले आहेत. व्याख्या आता ६३ व्या कलमात आहे, आणि तिच्या शेपटीला १८६० चा तो अपवाद तसाच आहे : अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार नव्हे. ज्या इंग्लंडकडून आपण हा अपवाद घेतला तेथील न्यायालयाने तो १९९१ मध्ये मोडीत काढला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे २०२२ मध्ये यावर दुमत झाले. प्रकरण वर गेले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात अपवादाची बाजू घेतली. विवाहसंस्था धोक्यात येईल, हा युक्तिवाद १८९१ मध्येही झाला होता. आणखी एक पाहा. ३७७ वे कलम संहितेतून पूर्णपणे गळाले, त्यामुळे पुरुषावर वा तृतीयपंथीयावर झालेल्या बलात्काराला आता या संहितेत नावच उरले नाही. उलट ६९ व्या कलमाने लग्नाचे खोटे वचन देऊन ठेवलेल्या संबंधांना दहा वर्षांपर्यंत सजा सांगितली, पण ‘हा बलात्कार नव्हे’ असेही त्यातच लिहिले. म्हणजे फसवणुकीने घेतलेली संमती ही मुक्त संमती नव्हे हे मान्य. पत्नीची संमती मात्र लग्नाच्या दिवशी एकदाच घेतलेला, कधीही न फिटणारा रोखा.

रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासा, असे १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशांना सांगितले होते. विवाहाच्या रोख्यामागे जावे की नाही, हा प्रश्न आज न्यायालयापुढे आहे, आणि तो तुमच्यापुढेही ठेवण्यासाठी मी आले. अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. सभेत भगिनींची संख्या मोठी आहे. प्रश्न विचारावयाचे असतील तर आधी त्यांनी विचारावेत, आणि शब्द कोणता वापरावा याचा संकोच करू नये.